नोकरी मागण्याआधी काम ओळखा

घरात पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी नोकरीविना बसून असली की सगळ्या घराची चाल बदलते. वडील वर्तमानपत्र उघडतात ते छोट्या जाहिरातींच्या पानापासून. आई लग्नकार्याला जायचे टाळते, कारण तिथे हटकून कोणीतरी विचारते, "तुमचा मुलगा सध्या काय करतो?" आणि रात्री जेवायला बसल्यावर तोच प्रश्न येतो, "आज कुठे अर्ज केलास का?" उत्तरही ठरलेले असते, "केला."

या 'केला'च्या पुढे सहसा कोणी विचारत नाही. कुठे केला, कोणाला केला, तिथे कोणते काम चालते, त्या कामात आपला उपयोग काय, हे प्रश्न राहूनच जातात. अर्जांची संख्या वाढत जाते आणि तेवढ्यावरच प्रयत्न मोजले जातात. साठ झाले, ऐंशी झाले, शंभर झाले. उत्तर मात्र एकाचेही नाही. मग घरात दोन तट पडतात. एकाच्या मते मुलगाच आळशी आहे, तर दुसऱ्याच्या मते वशिल्याशिवाय या जगात काही होत नाही.

दोन्ही मते अर्धवट आहेत. नोकऱ्या थोड्या आणि मागणारे हात फार, हे खरेच आहे. जागाच नसेल तर उत्तमातला उत्तम अर्जही ती निर्माण करू शकत नाही. पण जिथे जागा असते किंवा लवकरच होणार असते, तिथेही बहुतेक उमेदवार आपली गरज घेऊन उभे राहतात. समोरच्याला मात्र स्वतःची गरज भागवणारा माणूस हवा असतो. ही दोन टोके जुळत नाहीत आणि अर्ज टेबलाच्या खणात जाऊन पडतो.

अर्ज स्वस्त झाला

पूर्वी एक अर्ज करायचा म्हणजे कागद आणा, टंकलेखन करून घ्या, प्रमाणपत्रांच्या नकला काढा, पाकिटाला तिकीट लावा, अशी सगळी यातायात असे. खर्च होई, म्हणून माणूस विचार करूनच अर्ज करी. १९९७ मध्ये 'नोकरी डॉट कॉम' सुरू झाले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे संकेतस्थळ उघडले. आता मोबाइलवर बोट ठेवले की एकच बायोडाटा एका संध्याकाळी वीस ठिकाणी जातो. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण जी सोय आपल्याला, तीच हजारो इतरांनाही. अर्ज करणे जितके सोपे झाले तितकाच वाचणाऱ्याच्या टेबलावरचा ढीग वाढला. अशा ढिगात 'मी मेहनती व प्रामाणिक आहे, संधी दिल्यास सोने करीन' हे वाक्य कोणाच्या लक्षात राहणार? ते तर प्रत्येकानेच लिहिलेले असते.

खुर्चीच्या पलीकडून पाहा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत पंधरावीस माणसांचा एखादा छोटा कारखाना डोळ्यांपुढे आणा. सकाळचे दहा वाजले आहेत. एक मशीन बंद पडले आहे, एक कामगार न सांगता गैरहजर आहे आणि गुरुवारपर्यंत माल हवा म्हणून गिऱ्हाइकाचे फोन चालू आहेत. अशा वेळी फाटकातून एक तरुण आत येतो आणि हात जोडून म्हणतो, "साहेब, काही काम असेल तर सांगा. कोणतेही काम चालेल."

हे वाक्य तो नम्रपणे बोलतो. आपण अडेल नाही, कष्टाला मागे हटणार नाही, हेच त्याला सांगायचे असते. मालकाच्या कानावर मात्र वेगळेच पडते. या मुलाला काय येते हे त्यालाच ठाऊक नाही, ते आपणच शोधून काढायचे, असा त्याचा अर्थ होतो. मालकाला तेवढी सवड कुठे असते? तो म्हणतो, "बायोडाटा ठेवून जा. गरज पडली की कळवू."

तोच तरुण असे म्हणाला असता तर? "साहेब, माझा टर्नरचा आयटीआय झाला आहे. ड्रॉइंग वाचता येते, मायक्रोमीटर नीट लावता येतो. तुमच्याकडे लेथचे काम चालते असे बाहेर कळले. दुसऱ्या पाळीला यायची तयारी आहे." जागा नसेल तर आजही नकारच मिळेल. पण मालकाच्या मनात या मुलाची एक जागा ठरून गेली. पुढच्या महिन्यात लेथवरचा माणूस सोडून गेला की आठवण याचीच होणार.

या तरुणाने आणखी एक गोष्ट जाणून असावी. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याखालच्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. अशा मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीबद्दल विचारायला जाणारा मुलगा उपकार मागायला जात नाही. कारखान्याला जे करावेच लागते त्याविषयी तो विचारतो आहे. एवढे माहीत असले की आवाजातली लाचारी आपोआप कमी होते.

दहा वर्षांनंतरचा अर्ज

आता वेगळे उदाहरण घेऊ. समजा, नाशिकमध्येच एक गृहिणी आहे. वय पस्तिशीच्या आसपास, बी. कॉम. झालेली, लग्नाआधी दोन वर्षे एका दुकानाचे हिशेब पाहिलेली. त्यानंतर दहा वर्षे घर, मुले आणि सासूबाईंचे आजारपण. आता पतीच्या कारखान्यात जादा तासांचे काम बंद झाले आहे, पगार घटला आहे. मुलांच्या फीची तारीख जवळ येते आहे. तिला नोकरी हवी आहे आणि ती हवीच आहे.

ती पहिला अर्ज लिहिते तेव्हा ही सगळी कहाणी त्यात उतरते. घरची परिस्थिती, मुलांचे शिक्षण, कोणतेही काम करण्याची तयारी. शेवटी 'कृपया सहानुभूतीने विचार व्हावा' ही ओळ. अर्ज खरा आहे, त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. तरीही वाचणाऱ्याला त्यातून हे कळत नाही की ही बाई उद्या सकाळी आपल्या कार्यालयात येऊन नेमके काय करील. वाईट वाटणे आणि कामावर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग तिने काय करावे? आधी आपल्या भागातली चारपाच सीएंची कार्यालये हेरावीत. तिथे काय चालते ते माहीत करून घ्यावे. छोटे व्यापारी पिशव्या भरभरून बिले आणून टाकतात. ती लावायची, टॅलीत नोंदवायची, बँकेच्या खात्याशी मेळ घालायचा, हे रोजचे काम असते. ते बहुधा आर्टिकलशिप करणारी मुले करतात आणि सीएच्या परीक्षा जवळ आल्या की तीच मुले अभ्यासाच्या रजेवर जातात. जीएसटीचे काम तर दर महिन्याला पाठीशी असते. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत, अशा मुदती ठरलेल्या असतात.

हे कळल्यावर तिचा अर्ज बदलतो. आधी ती दोन महिने टॅली आणि जीएसटीचा सराव करते, कारण दहा वर्षांत हिशेबाची रीत बदलली आहे हे तिला ठाऊक आहे. मग लिहिते: 'मी बी. कॉम. असून पूर्वी दोन वर्षे किराणा दुकानाचे हिशेब लिहिले आहेत. नंतर दहा वर्षे घरच्या जबाबदारीमुळे नोकरी केली नाही. गेल्या दोन महिन्यांत टॅली व जीएसटीच्या नोंदी शिकले आहे. बिलांच्या नोंदी आणि बँकेचा मेळ हे काम मी करू शकते. रोज सकाळी दहा ते चार येऊ शकते. आपली आर्टिकलशिपची मुले रजेवर असतील त्या काळात तात्पुरते कामही चालेल. एक दिवस बसवून काम पाहावे, ही विनंती.'

या अर्जात रडगाणे नाही आणि बढाईही नाही. दहा वर्षांची पोकळी तिने लपवली नाही, एका वाक्यात सांगून टाकली. शितावरून भाताची परीक्षा करतात तशी एका दिवसाच्या कामावरून आपली परीक्षा करा, असे ती म्हणते. पाचपैकी चार कार्यालये कदाचित हो म्हणणार नाहीत. पण पाचव्याला तीन महिन्यांसाठी जरी माणूस हवा असेल, तर तो अर्ज कोणाचा काढील?

तीस रुपयांची कारकुनी

आपली पोकळी न लपवता लिहिलेल्या अर्जाचे एक जुने उदाहरण आहे आणि ते लिहिणारा माणूस जगप्रसिद्ध आहे. श्रीनिवास रामानुजन यांची गणितातली बुद्धी अलौकिक, पण गणितापुढे बाकीचे विषय मागे पडल्याने एफ. ए.च्या परीक्षेत ते नापास झाले. पदवी नव्हती, लग्न झालेले होते, हातात होत्या त्या गणिताच्या वह्या. त्या वह्या घेऊन ते मद्रासमध्ये लोकांच्या भेटी घेत. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ त्यांना दरमहा पंचवीस रुपये दिले. पण दुसऱ्याच्या पैशावर फार दिवस राहणे रामानुजनना पटेना.

९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांना कारकुनाच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज केला. अर्ज जेमतेम काही ओळींचा होता. मॅट्रिक झालो आहे, एफ. ए.पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, त्यानंतर सगळा वेळ गणिताला दिला आहे आणि हे काम नीट करू शकेन असा विश्वास आहे, एवढाच त्याचा आशय. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांचे, मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडले होते. १ मार्च १९१२ पासून रामानुजन तीस रुपये पगारावर कामाला लागले.

तिथेही योग योग्य होता. पोर्ट ट्रस्टमधले त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. आपल्या विषयाची कदर करणारा माणूस जिथे असेल तिथे जाणे हीसुद्धा एक पद्धतच आहे.

पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९१३ रोजी, याच माणसाने केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डींना पत्र लिहिले. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकले की आपण पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला अवघ्या वीस पौंडांवर काम करणारे कारकून आहोत. पण पुढची पाने गणिताच्या सूत्रांनी भरलेली होती. हिशेब खात्याला त्यांनी हिशेबाच्या कामापुरते लिहिले आणि गणितज्ञाला गणित पाठवले. माणूस एकच, पण दोन दारांसाठी दोन अर्ज. त्याआधी केंब्रिजमधल्याच आणखी दोन गणितज्ञांना पाठवलेल्या पत्रांतून काही निष्पन्न झाले नव्हते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रामानुजनसारख्याचीही पत्रे वाया जातात, तिथे आपला एखादा अर्ज फुकट गेला म्हणून खचून जायचे कारण नाही. मार्च १९१४ मध्ये ते इंग्लंडला निघाले आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

एक पोस्टकार्ड

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि पुण्याशी जोडलेले आहे. १९७४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी सूचनाफलकावर 'टेल्को' कंपनीची जाहिरात पाहिली. तरुण, हुशार अभियंते हवे होते, पण तळाशी ओळ होती की स्त्रियांनी अर्ज करू नये. त्यांना राग आला. त्यांनी एक पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिले. खरे तर टेल्कोचे प्रमुख तेव्हा सुमंत मुळगावकर होते, पण वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांमुळे त्यांना नाव ठाऊक होते ते जे. आर. डी. यांचे.

त्या पोस्टकार्डात केवळ तक्रार नव्हती. पोलाद, रसायने, कापड, रेल्वे इंजिने यांत टाटांनी देशात पहिले पाऊल टाकले, विज्ञान संस्थाही त्यांच्यामुळेच उभी राहिली आणि अशा घराण्याच्या कंपनीने स्त्री-पुरुष भेद करावा याचे आश्चर्य वाटते, असा त्याचा रोख होता. म्हणजे त्यांनी टाटांना टाटांच्याच मोठेपणाची आठवण करून दिली. थोड्याच दिवसांत मुलाखतीसाठी पुण्याला येण्याची तार आली, जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. मुलाखतीत त्यांना समजावून सांगण्यात आले की कारखान्यात आजवर स्त्रिया नाहीत आणि कॉलेज वेगळे, कारखाना वेगळा. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते की कुठून तरी सुरुवात करावीच लागेल, नाहीतर तुमच्या कारखान्यात स्त्री कधीच येणार नाही. त्यांना नोकरी मिळाली आणि टेल्कोच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, समान वेतनाचा कायदा झाला आणि भरतीत केवळ स्त्री म्हणून डावलण्याला त्याने मनाई केली.

प्रत्येकीने मोठमोठ्या उद्योगपतींना पत्रे लिहावीत असा याचा अर्थ नाही. पण ज्याला लिहायचे त्याचे काम, त्याचा लौकिक, त्याचा अभिमान कशात आहे हे माहीत असले की पोस्टकार्डाच्या आठदहा ओळीही पुरतात.

वशिला वेगळा, ओळख वेगळी

वशिल्याच्या नावाने सगळेच बोटे मोडतात, पण वशिला आणि ओळख यांत फरक करत नाहीत. लायकी नसताना दुसऱ्याची जागा मिळवून देतो तो वशिला. जागा कुठे आहे, तिथे काय काम आहे आणि कोणाला भेटावे हे सांगते ती ओळख. पहिलीची लाज वाटायला हवी, दुसरीची मुळीच नाही.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या गावातल्या, नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांचा अभ्यास केला. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७३ मध्ये आला. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. पण ही ओळख कशी होती? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली. सुमारे ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि सुमारे २८ टक्क्यांना तर वर्षातून जेमतेम एकदा भेटणाऱ्याकडून. २०२२ मध्ये 'लिंक्डइन'च्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही अगदी जवळच्यांपेक्षा थोड्या दूरच्या ओळखी नोकरी बदलताना अधिक उपयोगी पडल्याचे दिसले.

कारण साधे आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. दूरच्या माणसाचे जग वेगळे असते. म्हणून काका-मामांकडे वारंवार हेलपाटे घालण्याऐवजी जुन्या बाई, कॉलेजातला दोन वर्षे पुढचा विद्यार्थी, बदली होऊन गेलेले शेजारी, पूर्वीच्या दुकानाचे मालक यांची यादी करावी. दिल्ली, बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात अशी माणसे सहज भेटतात.

त्यांच्याकडे जाताना ताकाला जाऊन भांडे लपवू नये. हवापाण्याच्या गप्पा मारून निघताना दारात 'जरा पाहा ना काहीतरी' म्हणणे दोघांनाही अवघड जाते. स्वच्छ सांगावे: "मी हिशेबाचे काम शोधते आहे. तुम्ही नोकरी द्या असे म्हणत नाही. या कामाची माणसे कुठे लागतात आणि मी कोणाला भेटावे, एवढे सांगा." नोकरी देणे फार थोड्यांच्या हातात असते. माहिती मात्र कोणीही देऊ शकतो आणि देताना त्याला बरेही वाटते.

प्रत्येक कामाला हंगाम असतो

शेतकरी पेरणीची वेळ चुकवत नाही. नोकरी शोधणाऱ्यानेही चुकवू नये. खासगी शाळा नव्या वर्षाची जमवाजमव उन्हाळ्यातच करतात, जूनमध्ये शाळा उघडल्यावर चौकशी करणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, त्याची तयारी पावसाळ्यात चालते. कापडाच्या आणि मिठाईच्या दुकानांना दिवाळीच्या आधी जादा माणसे लागतात. ज्या वेळी त्यांची धांदल असते त्याच्या महिना-दोन महिने आधी आपण पोचायला हवे. ऐन धांदलीत गेलात तर तुमच्याशी बोलायलाही कोणी रिकामे नसते. सीएच्या कार्यालयात २० तारखेच्या आदल्या दिवशी फोन करणाऱ्या उमेदवाराला त्या कामाची कल्पना नाही, हे फोन उचलणाऱ्याला लगेच कळते.

फाटकापासून आतपर्यंत

प्रत्यक्ष जाण्याआधी शक्यतो फोन करावा. आपले नाव, कोणत्या कामासाठी भेटायचे आहे आणि कोणाला भेटावे, एवढे तीन मुद्दे तीन वाक्यांत सांगावेत. पलीकडून "आता वेळ नाही" असे उत्तर आले तर "मग केव्हा फोन करू?" हे विचारायला विसरू नये. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी आणि टेलिफोनवरच्या मुलीशी अदबीने बोलावे. आत काय चालले आहे, साहेब कधी रिकामे असतात, हे त्यांना साहेबांइतकेच ठाऊक असते.

अर्जावर शक्य तो त्या व्यक्तीचे नाव आणि हुद्दा असावा, तोही अचूक. बायोडाटा एका पानाचा, फार तर दोन पानांचा. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजी अर्जाची धास्ती वाटते. मग ते बाजारातला नमुना उतरवून काढतात आणि मुलाखतीत त्यातल्याच एका शब्दाचा अर्थ विचारला की गडबडतात. त्यापेक्षा आपल्याला बोलता येईल तेवढीच साधी इंग्रजी लिहावी. जे आपल्या तोंडी नाही ते कागदावरही नको.

अर्ज दिल्यावर आठदहा दिवसांनी एकदा विचारणा करणे यात लाचारी नाही. रोज फोन करणे मात्र त्रासदायक. नकार आला तर आभार मानून एवढेच विचारावे: "माझ्यात काय कमी पडले ते सांगाल का?" दहांपैकी दोघांनी जरी खरे उत्तर दिले तरी पुढच्या दारात त्याचा उपयोग होतो.

पैसे मागितले की परत फिरा

गरजवंत माणूस लवकर फसतो. 'निवड झाली आहे, फक्त नोंदणीचे अडीच हजार भरा', 'गणवेशासाठी अनामत ठेवा', 'मुलाखत नको, थेट नेमणूक' असे निरोप मोबाइलवर येतात. पत्रावर मोठ्या कंपनीचे बोधचिन्हही असते. खरा मालक काम करणाऱ्याला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही, हा साधा नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. शंका आली तर कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाचण्याची शक्यता अधिक. आणि आईवडिलांनीही अशा वेळी मुलाला बोल लावण्यात वेळ घालवू नये. तक्रार आधी, उपदेश नंतर.

घरच्यांचा हात

नोकरी शोधणाऱ्याची खरी दमछाक बाहेर होत नाही, घरात होते. शेजारच्या मुलाच्या पगाराचा आकडा रोज ऐकवल्याने कोणाला नोकरी लागत नाही. वडिलांनी मुलाबरोबर मुलाखतीला जाऊन साहेबांशी स्वतःच बोलणे तर मुलाचे नुकसानच करते. आपल्या मुलाला स्वतःचे बोलता येत नाही, असेच त्यातून दिसते. त्याऐवजी घरच्यांनी मालकाच्या खुर्चीत बसावे आणि त्याला प्रश्न विचारावेत. "आमच्याकडे तू नेमके काय करशील?" या एका प्रश्नाचे उत्तर घरात चारदा देऊन झाले की बाहेर जीभ अडखळत नाही.

दहा वर्षांनी कामावर जाऊ पाहणाऱ्या त्या गृहिणीच्या घरात तर याहून थोडे अधिक लागते. दोन महिने ती टॅली शिकते तेव्हा संध्याकाळची पोळी कोणी करायची, मुलांचा अभ्यास कोणी घ्यायचा, हे आधी ठरले पाहिजे. 'तू नोकरी कर, आमची काही हरकत नाही' एवढे म्हणून घर मोकळे होत नाही. मुलाखतीत 'रोज दहा ते चार येऊ शकते' हे वाक्य ती ठामपणे उच्चारते, तेव्हा त्या ठामपणामागे घरातली चार माणसे उभी असावी लागतात.

एवढे सगळे करूनही दिवस लागतात. काही घरांत महिने लागतात. पण शंभर ठिकाणी एकच कागद पाठवून वाट पाहणारा आणि दहा ठिकाणचे काम समजून घेऊन दहा वेगळे अर्ज करणारा, यांच्या वाट पाहण्यात फरक असतो. दुसऱ्याला प्रत्येक नकारातून त्या धंद्याची थोडी अधिक माहिती मिळालेली असते आणि अकराव्या दारात तो पहिल्यापेक्षा अधिक जाणता होऊन उभा राहतो.

तेव्हा आज रात्री वीस ठिकाणी बायोडाटा धाडण्याऐवजी एक कोरा कागद घ्या. आपल्याला खरोखर येतात अशी तीन कामे त्यावर लिहा. ज्यांना ती कामे लागत असतील अशा पाच ठिकाणांची नावे लिहा. त्या प्रत्येक नावापुढे तिथली माहिती सांगू शकेल असा एक माणूस लिहा. पाचही जागा भरता आल्या नाहीत तरी हरकत नाही. जे नाव भरले असेल, उद्या सकाळी त्यालाच पहिला फोन करा.